साडेसहाचं रीडिंग

हवाई दलात मी एकवीस वर्षं नोकरी केली आणि एकदाही विमान चालवलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण अमळनेर तालुक्यातल्या माझ्या गावात मला अजूनही ‘पायलट’ म्हणतात. कितीदा सांगून झालं, आता मी नाद सोडला आहे. माझा ट्रेड मेट असिस्टंट, म्हणजे हवामान. वैमानिक उडण्याआधी ज्या खोलीत येऊन ‘आज काय आहे?’ असं विचारतो, त्या खोलीत टेबलामागे बसणारा माणूस मी.

सेवेच्या चौदाव्या वर्षी माझी बदली बंगालच्या उपसागरातल्या बेटांवर झाली. तेव्हा मी सार्जंट होतो. तळाचं आणि बेटाचं नाव लिहीत नाही. आमचं मेट सेक्शन म्हणजे दोन खोल्या. एकीत चार्ट काढायचं मोठं टेबल, दुसरीत दोन संगणक आणि रेडिओ सेट. दर अर्ध्या तासाने उपग्रहाचं चित्र यायचं. ते बघून ढग कसले आहेत, किती उंच आहेत, कुठे निघालेत, हे सांगायचं. खिडकीतून बघावं तर समुद्र, पडद्यावर बघावं तरी समुद्रच.

चित्रं दोन जातींची असतात. एवढं तंत्र वाचकांनी सोसावं, पुढे लागणार आहे. एक व्हिजिबल. तो साधा फोटो, सूर्य असेल तरच निघतो. दुसरं इन्फ्रारेड. ते उजेड नाही, उष्णता मोजतं, म्हणून रात्रीही चालतं. उंच ढगाचा माथा थंड असतो, तो पांढराशुभ्र दिसतो. खालचे ढग जवळजवळ समुद्राइतकेच उबदार, म्हणून ते समुद्राच्याच करड्या रंगात मिसळून जातात. म्हणजे रात्रभर तुम्हाला फक्त वरचे ढग दिसतात. खाली काय चाललंय ते सूर्य थोडा वर आल्यावर कळतं. हे ट्रेनिंगमध्ये सुरुवातीलाच शिकवतात. बदलीच्या आधी मी स्वतः दोन बॅचना शिकवलं होतं.

शांत दिवसांत काम सोपं असायचं. दुपारी दोनपर्यंत प्रत्येक बेटाच्या डोक्यावर ज्याचा त्याचा ढग उभा राहतो, कारण जमीन तापते आणि समुद्र तापत नाही. नवीन माणूस त्या ढगाला घाबरून इशारा देऊन मोकळा होतो. जुना माणूस दोन चित्रं लागोपाठ ठेवून ढग हलतोय का ते बघतो. हलत नसेल तर तो बेटाचाच, संध्याकाळी विरतो. मला या कामाचा गर्व होता. चित्र बघून मी दहा मिनिटांत जे सांगायचो ते बहुतेक खरं व्हायचं आणि वैमानिक माझं नाव घेऊन विचारायचे.

पण वरून बघणाऱ्याला खालून बघणारा लागतो. तळापासून बोटीने एक दिवसाच्या अंतरावर, दक्षिणेच्या छोट्या बेटावर आमची एक पोस्ट होती. पाच माणसं आणि शेजारी अकरा कोळी कुटुंबांची वस्ती. पोस्टवर ऑब्झर्व्हर होता कॉर्पोरल भटू देसले. दर तीन तासांनी त्याने वारा, तापमान आणि हवेचा दाब बघायचा आणि रेडिओवर आम्हाला कळवायचा. पहाटे अडीच, साडेपाच, सकाळी साडेआठ, असं चक्र. ते आकडे मी चार्टवर मांडायचो.

पहिल्या आठवड्यात एकदा आकडे सांगून झाल्यावर त्याने विचारलं, “सार्ज, घर कुठलं?”

“अमळनेर तालुका.”

तिकडून तो ओरडलाच. “आरे, मंग तू आपलाच शे ना भाऊ! मी शिरपूरना.”

सातपुड्याच्या पायथ्याला त्याचं गाव. वडील शेतकरी, कापूस लावतात. भटूचं वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं. रेडिओवर फालतू बोलायचं नाही असा नियम आहे. आम्ही रोज एक वाक्य फालतू बोलायचो, अहिराणीत. आमचा रेडिओ ऑपरेटर केरळचा, तो ऐकून हसायचा.

भटूचं वाक्य बहुतेक ठरलेलं. “शिरपूरवर काय शे?”

उपग्रहाच्या मोठ्या चित्रात अख्खा देश येतो. मी सातपुड्याच्या अंदाजाने बोट ठेवून सांगायचो, “काहीच नही. निरभ्र शे.”

“बरं शे. कापूस फुटेल शे, पानी नको.”

घरापासून इतक्या लांब राहून बापाच्या कापसावर नजर ठेवायची त्याची ही तऱ्हा होती. मला ती आवडायची. कामाच्या बाबतीत मात्र मी त्याच्याशी कडक होतो, त्याचं कारण सांगतो.

ज्या वादळाबद्दल पुढे सांगणार आहे, त्याच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज नेमाने दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमाराला चढलेला असतो, दुपारी चारच्या सुमाराला उतरलेला. एका सकाळी भटूचा साडेआठचा दाब आला तो साडेपाचचाच होता, दशांशासकट. तीन तासांत तो दोन मिलिबार तरी चढायला हवा होता. मी सेटवर बसलो आणि ऑपरेटरला बाहेर पाठवलं.

“भटू, साडेआठना आकडा तू देखा का?”

मी परत बटण दाबलं.

“खरं सांग.”

“नही भाऊ. अंगात ताप व्हता. भाईर पाऊस व्हता. साडेपाचनाच टाकी दिधा.”

आमच्या धंद्यात याला रीडिंग शिजवणं म्हणतात. अंथरुणात पडल्या पडल्या अंदाजाने आकडा ठोकून द्यायचा. करणारे खूप आहेत. बहुतेक वेळा पचून जातं, कारण एका आकड्याने सहसा काही बिघडत नाही. पण मला त्याचा भयंकर राग यायचा. मी त्याला खूप बोललो. लेखी रिपोर्ट करीन म्हणालो. शेवटी म्हटलं, “याना पुढे सोता देख्याबिगर आकडा धाडाना नही. मरी गया तरी नही.”

“बरं भाऊ,” तो म्हणाला. “आते सोता देखीसनच धाडसू.”

‘मरी गया तरी नही’ हे शब्द माझे होते, हे लक्षात ठेवावं. मी ते विसरलेलो नाही.

मग तो दिवस. पावसाळा सरून गेला होता, वादळांचा हंगाम होता. आदल्या दिवशी दुपारी बेटांच्या पूर्वेला डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं क्षेत्र, तयार झालं. संध्याकाळपर्यंत ते डीप डिप्रेशन झालं आणि पश्चिमेकडे सरकू लागलं. सगळ्या पोस्टना सावधानतेचा संदेश गेला. माझी ड्यूटी पहाटे चारला सुरू झाली. मेट ऑफिसर स्क्वाड्रन लीडर नायर आधीच येऊन बसले होते.

रात्रीची सगळी इन्फ्रारेड चित्रं मी ओळीने लावली. ढगांचा एक मोठा गोळा, पांढराशुभ्र, कडा रेखीव. रात्रभरात तो भटूच्या पोस्टच्या उत्तरेवरून पश्चिमेला सरकला होता. पाचच्या चित्रात तो पोस्टपासून सव्वाशे किलोमीटर पश्चिमेला होता. इतकं सुंदर चित्र कमी वेळा मिळतं. मी गोळ्याच्या बरोबर मध्ये केंद्राची खूण केली.

इथे माझी चूक सुरू होते. गावाकडे चूल पेटली की वाऱ्याने धूर शेजारच्या घरावर जातो. लांबून बघणाऱ्याला धूर दिसतो म्हणून चूल तिथेच असेल असं नाही. त्या पहाटे वरच्या थरात पूर्वेचा जोरदार वारा होता. त्याने उंच ढग पश्चिमेला उडवून नेले होते आणि खरं केंद्र मागे, पूर्वेलाच राहिलं होतं. तिथे फक्त खालचे ढग होते, समुद्रात मिसळून गेलेले. मला धूर दिसला आणि मी तिथेच चूल दाखवली.

साडेपाचचं रीडिंग पाच चाळीसला आलं.

“प्रेशर नाइन नाइन एट डेसिमल फोर. विंड नॉर्थ, थर्टी नॉट्स. ओव्हर.”

“से अगेन प्रेशर.”

“नाइन नाइन एट डेसिमल फोर.”

अडीचच्या मानाने दाब साडेचार मिलिबारने कमी होता. माझ्या चित्राप्रमाणे वादळ त्याच्या पोस्टला ओलांडून पुढे गेलं होतं. मग दाब चढायला हवा. आणि वारा दक्षिणेचा हवा, उत्तरेचा नाही. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की उत्तर गोलार्धात कमी दाब डाव्या हाताला असतो, हा आमचा पहिला धडा. भटूचा वारा सरळ सांगत होता की वादळ त्याच्या पूर्वेला आहे. त्याचा दाब सांगत होता की ते जवळ येतंय. दोन्ही आकडे एकच गोष्ट बोलत होते.

मी मनात हिशेब असा लावला: बेटावर टेकडी आहे, टेकडीने वारा वळवला असेल. आणि दाब? दाब पोराने पुन्हा शिजवला असेल, वादळाच्या बातमीने घाबरून.

मी विचारलं, “भटू, देखीसन धाडा का?”

“देखीसन धाडा भाऊ. दोनदा देखा.” आवाजात रुसवा होता. तो मला कळला.

“साडेसहाला स्पेशल ऑब्झर्वेशन घे. चेक रीडिंग. बघून पाठव.”

“रॉजर, सार्ज.”

भाऊ नाही, सार्ज म्हणाला.

जो आकडा चार्टशी जुळत नाही त्याच्याभोवती लाल पेन्सिलने वर्तुळ काढायची आमच्याकडे पद्धत आहे. अर्थ असा की हा संशयित, रेषा काढताना धरू नये. मी भटूच्या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढलं आणि चार्ट नायर साहेबांपुढे ठेवला.

त्यांनी विचारलं, “या केंद्राच्या विरोधात काही आहे?”

“एक रीडिंग आहे, सर. सस्पेक्ट. चेक मागवलंय.”

“पोस्टला काय सांगायचं?”

“सिस्टीम पश्चिमेला गेली. त्यांचा धोका कमी होतोय, सर.”

त्यांनी सही केली. पाच पन्नासला संदेश गेला.

तिकडे काय झालं ते मला नंतर पोस्टचे प्रमुख, ज्युनियर वॉरंट ऑफिसर तिर्की यांनी सांगितलं. झारखंडचा शांत माणूस. माझा संदेश त्यांच्या हातात होता आणि भटू समोर उभा होता. बॅरोमीटरला आम्ही ग्लास म्हणतो. भटू म्हणाला, “सर, ग्लास गिर रहा है. मैंने दो बार देखा है.” तिर्की साहेबांनी संदेश खिशात घातला आणि वस्ती हलवायचा हुकूम दिला. माझ्या चित्रापेक्षा त्यांनी आपल्या माणसाच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला. अकरा कुटुंबं, म्हातारीकोतारी धरून सगळी, खाडीवरचा लाकडी साकव ओलांडून टेकडीवरच्या शाळेत गेली. सहा वाजून वीस मिनिटांनी शेवटचा माणूस वर पोचला. तिर्की साहेबांनी शिरगणती दोनदा केली. एकही कमी नव्हतं.

पोस्टची खोली मात्र साकवाच्या अलीकडे, किनाऱ्यावर होती. बॅरोमीटर तिथे भिंतीत ठोकलेला. मोठा रेडिओही तिथेच. शाळेत पोचल्यावर भटू तिर्की साहेबांना म्हणाला, “सर, साढ़े छह का चेक माँगा है. जाके आता हूँ.”

खाडीचं पाणी साकवाला लागत होतं. तिर्की साहेबांनी सांगितलं, “छोटा सेट यहाँ है. अंदाज़ से बोल दे.”

“नहीं सर. देखे बिना नहीं भेजूँगा.”

दहा मिनिटांची परवानगी त्यांनी दिली. त्याबद्दल ते स्वतःला दोष देत राहिले. मी त्यांना खूप समजावलं. पण माझ्या लाल वर्तुळाचं त्यांना तेव्हा सांगितलं नाही.

सहा चौतीसला रीडिंग आलं. भटूचा आवाज नेहमीचाच, फक्त मागे पत्र्याचा धडधडाट होता.

“प्रेशर नाइन नाइन फाइव्ह डेसिमल टू. विंड नॉर्थ, फोर्टी-फाइव्ह, गस्टिंग. सार्ज, बाय आय. ओव्हर.”

बाय आय. डोळ्यांनी बघून. असा शब्द प्रक्रियेत कुठेच नाही. तो त्याने माझ्यासाठी घातला होता.

मी “रॉजर” म्हणालो. दुसरं काही बोललो नाही. नेहमीचं एक वाक्यही नाही. अजून मी त्याच्यावर रागावलेलोच होतो. आकडा मांडला आणि लाल पेन्सिल हातात घेऊन बसून राहिलो.

सहा पन्नासला पहिलं व्हिजिबल चित्र उतरलं. सूर्य तिरपा होता, त्यामुळे खालच्या ढगांच्या सावल्या स्पष्ट पडल्या होत्या. पांढरा गोळा पश्चिमेला होता तिथेच होता. आणि पोस्टच्या पूर्वेला, चाळीस किलोमीटरवर, खालच्या ढगांचा एक नीटस भोवरा होता. केंद्र ते होतं, आणि ते सरळ भटूच्या दिशेने येत होतं.

मी नायर साहेबांना हाक मारली. त्यांनी चित्र बघितलं, मग चार्टवरचं लाल वर्तुळ बघितलं. म्हणाले, “कॉल द पोस्ट.”

मी कॉल केला. तीस सेकंदांनी परत. परत. मोठ्या सेटवर उत्तर नव्हतं. सात वीसला छोट्या सेटवर तिर्की साहेब मिळाले.

“सब लोग सेफ हैं. देसले नहीं आया. पुल गया.”

भरतीचं पाणी आणि वादळाने रेटलेला समुद्र एकदम खाडीत शिरला होता. भटू खोलीतून बाहेर पडला तेव्हा साकव होता. टेकडीवरच्या लोकांनी त्याला साकवाच्या मध्यापर्यंत आलेला बघितला. त्यानंतर लाट आली.

दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर वस्तीतल्या कोळ्यांनी होड्या काढल्या. खाडीच्या वरच्या अंगाला, खारफुटीच्या मुळांत तो सापडला. खोलीचं छत उडालं होतं, पण नोंदवही लोखंडी पेटीत सुखरूप होती. शेवटची नोंद साडेसहाची, अक्षर सरळ, खाली सही.

चौकशी झाली. मी लाल वर्तुळासकट चार्ट दिला. काही लपवलं नाही. निष्कर्ष असा की त्या वेळी उपलब्ध असलेल्या चित्रावरून काढलेलं अनुमान समजण्यासारखं होतं. नायर साहेब म्हणाले, “एनीवन वुड हॅव डन इट.” कोणाकडूनही झालं असतं. हे वाक्य मी पुष्कळ दिवस औषधासारखं घेतलं. त्याने काही उतरलं नाही. कारण चित्र फसवं होतं हे खरं, पण मला सावध करणारा माणूस होता. त्याने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि मी त्याला खोटारडा ठरवून तिसऱ्यांदा सिद्ध करायला लावलं.

पार्थिवाबरोबर मी शिरपूरला गेलो. भटूचे वडील, त्यांना गावात सगळे आबा म्हणतात. सरकारी पत्रात लिहिलं होतं की कर्तव्य बजावताना, हवामानाची माहिती पाठवून परतत असताना. आबांनी मला एवढंच विचारलं, “त्याले तरास व्हयना का?” मी म्हणालो, नाही, लवकर झालं. त्यांनी मला जेवायला बसवलं. तेव्हाच सांगायचं होतं. घास तोंडात होता आणि सांगता आलं नाही.

मग दर वर्षी त्या दिवशी गावात कार्यक्रम व्हायला लागला. रेडिओच्या दुसऱ्या टोकाला असलेले साहेब म्हणून मला बोलावणं यायचं. नोकरीत होतो तेव्हा रजा काढून जायचो, निवृत्त झाल्यावर अमळनेरहून एसटीने. पहिल्या वर्षी वक्ते ‘कर्तव्यावर असताना’ एवढंच बोलले. तिसऱ्या वर्षी एका पुढाऱ्याने सांगितलं की कोळ्याचं एक लेकरू झोपडीत राहिलं होतं, ते आणायला भटू माघारी गेला. टाळ्या पडल्या. पाचव्या वर्षी ते लेकरू मुलगी झालं. नवव्या वर्षी एकाने सांगितलं की ती मुलगी आता शाळेत पहिली येते. मी मंचावर बसून मान हलवली. त्या लेकराने माझं लाल वर्तुळ झाकलं होतं, म्हणून मला ते लेकरू सोयीचं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

अकराव्या वर्षी गावाने शाळेच्या दर्शनी भिंतीवर भटूचा फलक करायचं ठरवलं. मुख्याध्यापकांनी मजकूर मला मोबाइलवर पाठवला. ‘बालिकेचे प्राण वाचवताना’ असे शब्द होते. खाली ‘माहिती:’ असं लिहून माझं नाव आणि हुद्दा, निवृत्त वॉरंट ऑफिसर. त्यांनी विचारलं होतं, “साहेब, बरोबर आहे ना? कळवा, पेंटर उद्या येतोय.”

बरोबर आहे का, असं मला कोणीतरी विचारलं होतं. त्याच्या खाली माझं नाव जाणार होतं. मी उत्तर पाठवलं नाही. सकाळी पहिल्या एसटीने निघालो.

आबा ओट्यावर बसले होते. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. मी समोर बसलो.

“आबा, एक सांगानं शे.”

“सांग.”

“तठे लेकरू नव्हतं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मंग तो परत काब्र गया?”

“मी धाडा. त्यानी साडेपाचले आकडा दिधा. माले तो खोटा वाटना. परत देखीसन धाड, आसं मी सांगं. म्हनीसन तो गया.”

रस्त्यावरून कापूस भरलेलं पिकअप गेलं. मग आबांनी विचारलं, “त्याना आकडा खोटा व्हता का?”

“नही आबा. खरा व्हता. दोन्ही येळना खरा व्हता. मी चुकनू.”

“अकरा वरीस,” आबा म्हणाले. आवाज चढवला नाही. “अकरा वरीस तू मना घर भाकर खाई ऱ्हायना. मना शेजारे बठीसन लेकरूनी गोष्ट ऐकी ऱ्हायना.”

“हो आबा.”

“एकदाबी सांगं नही.”

मला खूप रडू आलं, ते आवरलं नाही. आबांनी माझ्या खांद्यावर हात वगैरे ठेवला नाही. ठेवावा असं मला वाटतही नव्हतं. थोड्या वेळाने ते काठी घेऊन उठले आणि शाळेकडे चालू लागले. मी मागून गेलो.

पेंटरने भिंत पांढरी करून भटूचं नाव लिहून ठेवलं होतं. मुख्याध्यापक मजकुराचा कागद धरून उभे होते. आबा म्हणाले, “मास्तर, ते लेकरू काढी टाका.”

“आबा, लोकांना तर तेच माहीत आहे.”

“लोकेसले मी सांगसू.”

“मग लिहायचं काय?”

आबांनी काठीने मला दाखवलं. “याले इचारा. याले बठ्ठं माहीत शे.”

मी सांगितलं आणि मुख्याध्यापकांनी कागदाच्या मागच्या बाजूला उतरवून घेतलं. ‘कॉर्पोरल भटू देसले. वादळ येत आहे हे यांनी सर्वांच्या आधी ओळखले. यांच्या सांगण्यावरून अकरा कुटुंबे वाचली. सकाळी साडेसहाचे रीडिंग स्वतः पाहून पाठवले. ते बरोबर होते.’

मुख्याध्यापकांना ते फार साधं वाटलं. ‘वीर’ नाही, ‘अमर’ नाही. त्यांनी आबांना मोठ्याने वाचून दाखवलं. आबांनी डोळे मिटून ऐकलं.

“शेवटनी वळ काय शे?”

“ते बरोबर होते.”

“ती मोठी लिखा.”

पेंटरने खडूने मापं बदलली आणि ती ओळ नावाएवढ्याच अक्षरात घेतली. दुपारपर्यंत भिंत भरली. खाली माहिती देणारा म्हणून माझं नाव यायचं होतं. त्याला जागा उरली नाही.